अख्खी बार नको, वीतभर तुकडा द्या

पिंपरी-चिंचवडमध्ये रोज टनावारी लोखंड कापलं जातं, पण तिथंच कुणाला वीतभर गोल गज हवा असेल तर विकत मिळणं मुश्कील. सहा मीटरची अख्खी बार घ्या, लगेच टेम्पोत चढवून देतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी पार्किंगच्या कोपऱ्यात छोटा लेथ बसवला. त्यावर वाफेच्या इंजिनाची मॉडेलं करते, अधूनमधून शेजारच्यांना एखादं बुशही काढून देते. मला लागतो पंचवीस मिलिमीटर व्यासाचा, ईएन-८ ग्रेडच्या पोलादाचा हातभर गज. दुकानदार आधी विचारतो, "काकू, गेट बनवायचंय का?" नाही म्हटलं की, "तुकडा नाही मिळणार. उरलेला माल कोण घेणार?"

त्याचं गणित चुकीचं नाही. गोल बारचं वजन काढायची वर्कशॉपातली रीत सगळ्यांना पाठ असते: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करा, १६२ नं भागा, आलं एका मीटरचं वजन किलोत. पंचविसाची बार मीटरला ३.८६ किलो भरते, म्हणजे माझा हातभर तुकडा पावणेदोन किलोच्या आसपास. तेवढ्यासाठी बार बँडसॉवर चढवायची, पोऱ्याला उभं करायचं, १८ टक्के जीएसटी लावून बिल फाडायचं. किलोमागच्या नफ्यात हे बसत नाही, हे मला बँकवालीला कळतं. ऑनलाइन तुकडे मिळतात, पण कुरिअर धरून भाव तिप्पट-चौपट होतो.

गंमत म्हणजे तुकड्यांची टंचाई या शहरात अजिबात नाही. ट्रॉब मशिनमध्ये लांब बार घालून एकामागून एक पार्ट पाडतात आणि शेवटी कॉलेटला धरता येत नाही एवढा शेंडा उरतो. हा एंड पीस कारखान्याच्या काही कामाचा नाही. माझ्या इंजिनाचा क्रँक त्यातून आरामात निघतो. पण तो जातो भंगाराच्या पिंपात, टर्निंगच्या किसासोबत, आणि नव्या मालाच्या निम्म्याच्या आसपास भावाला उचलला जातो.

भावाचं सोडा. पिंपात पडला की तो तुकडा नेमका कशाचा, हे कळायला मार्ग राहत नाही, आणि माझं खरं दुखणं ते आहे. बारच्या टोकाला ग्रेडनुसार रंग मारलेला असतो. शिस्तीचा स्टोअरकीपर बार कायम बिनरंगाच्या बाजूनं कापायला देतो, म्हणजे शेवटच्या तुकड्यावरही रंग राहतो. घाईत उलट्या बाजूनं कापली की पहिल्याच तुकड्याबरोबर रंग गेला. मग ईएन-८, ईएन-२४, ईएन-३१ रॅकवर शेजारी ठेवले तर दिसायला सारखेच. लेथवर मात्र एक मुकाट कापला जातो आणि दुसरा टूल खातो.

ओळखायच्या युक्त्या आहेत. तुकडा ग्राइंडरला लावायचा. साध्या माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब आणि सरळ पडतात, कार्बन वाढत जाईल तसा टोकाला फुलबाजीसारखा फुलोरा येतो. चुंबक न चिकटणारं स्टेनलेस बहुधा ३०४ च्या जातीचं. पण एवढ्यावर ईएन-८ की ईएन-९ हे छातीठोकपणे सांगणारा मला अजून भेटायचाय.

म्हणून भंगारातून मी अशाच वस्तू उचलते ज्यांचं पूर्वायुष्य माहीत असतं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी किराणा दुकानातली जुनी षटकोनी वजनं मिळतात. बिडाची असतात, फ्लायव्हीलला झकास. त्यात बुजवलेलं शिसं आधी काढायचं, हात धुवायचे, आणि पहिला कट चांगला खोल घ्यायचा. ओतकामाची वरची कातडी कडक असते, तिला नुसतं घासत बसलात तर टूलची धार जाते. शॉकअपचा क्रोम केलेला रॉड सरळ आणि गुळगुळीत असतो, पण वरचा थर कार्बाइडशिवाय हलत नाही. गॅसचा शॉकअप तर घरी कापायलाच घेऊ नये, आत दाब असतो. बांधकामावरची टीएमटी सळई फुकट मिळाली तरी नको: बाहेरून कडक, आतून मऊ, आणि वर त्या रेघा.

भोसरीपलीकडच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामं फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं पाडली. तिथं आगी लागायच्या, धूर व्हायचा, त्यामुळे गोदामं तशीच ठेवायला हवी होती असं मी म्हणणार नाही. पण ढिगातून हातानं निवडून तुकडा घ्यायची एक जागा गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी उभी राहिली नाही.

ती उद्योजकांच्या संघटनांनी उभी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एमआयडीसीत एक शेड, आठवड्यातून एक दिवस. कारखान्यांनी एंड पीस पिंपात टाकायच्या आधी ग्रेडनुसार वेगळे ठेवावेत आणि भंगारापेक्षा वरचा, नव्या मालापेक्षा खालचा भाव लावावा. गिऱ्हाईक मी एकटी नाही. प्रोजेक्टसाठी वणवण करणारी इंजिनिअरिंगची पोरं आहेत, आयटीआयमधून नुकता बाहेर पडून स्वतःचं जॉबवर्क सुरू करणारा टर्नर आहे.

यावर एका कारखानदारांनी मला खरी अडचण सांगितली: "मॅडम, तुकड्याला भाव आला की चांगली बारही तुकडा होऊन बाहेर जाते." चोरीची भीती खोटी नाही. पण भंगाराचं वजन होतंच, गेटपास निघतोच, बिलही होतं. तुकड्यांचं तसंच करा, आणि फूटभराहून लांब काही शेडमध्ये यायचं नाही असा नियम करा. माझा हातभर गज त्यात बसणार नाही, पण दोन तुकड्यांत भागवेन.

शेड होईल तेव्हा होईल. तोवर दुकानदारांनी एवढं करावं: कटिंगचे पैसे वेगळे लावावेत. पन्नास सांगितले तर मी घासाघीस करणार नाही, आणि तुकड्यावर खडूनं ग्रेड लिहून दिली तर शंभर देईन.