एका ग्रंथात मावणारे अद्भुत विश्व

मराठी कादंबरीने बाल्यावस्थेतच अद्भुताची वाट धरली होती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली, तर नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली प्रसिद्ध झाली. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांनी वाचकांची अभिरुची पालटली आणि अद्भुतरम्य लेखन मागे सरले. स्वातंत्र्योत्तर काळातील मराठी मुलांच्या घरी ते परत आले ते मात्र मद्रासहून, म्हणजे आजच्या चेन्नईहून.

बी. नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेथे ‘चंदामामा’ हे मासिक तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केले. त्याची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने १९५२ साली निघाली. दासरी सुब्रह्मण्यम् यांनी १९५४ पासून तेलुगूत लिहिलेल्या अद्भुत धारावाहिक कथा भाषांतरित होऊन अनेक भाषांतील मुलांपर्यंत पोहोचल्या. कथेवर लेखकाचे नाव छापण्याची रीत त्या मासिकात नव्हती. त्यामुळे लाखो वाचकांना हा कथाकार अनेक दशके अनामिकच राहिला.

या धारावाहिकांत नवी राज्ये, नवे मांत्रिक, नव्या दुर्गम दऱ्या असत. कथा संपली की ते जग मिटे आणि पुढच्या धारावाहिकात बहुधा दुसरेच उघडे. स्वयंपूर्ण अद्भुतकथेचे आकर्षण नेमके येथे आहे. शेवट दृष्टिपथात असल्यामुळे प्रत्येक संकटाला वजन येते. पुढील खंडासाठी नायकाला राखून ठेवण्याचे बंधन लेखकावर नसते. म्हणून नायकाच्या जिवाची भीती वाचकाला खरी वाटते. शिवाय नोकरी सांभाळून शिकणारा, वाचनालयातून एका वेळी एकच पुस्तक नेणारा वाचक आठवावा. त्याच्या हाती एखाद्या मालिकेचा तिसरा खंड पडला, तर त्याने काय करावे? मालिकांच्या कौतुकात या वाचकाचा विचार सहसा होत नाही.

परंतु आटोपशीरपणाची किंमतही मोजावी लागते. वास्तववादी कादंबरीला पुण्याचा वाडा समजावून सांगावा लागत नाही. काल्पनिक राज्याचा लेखक मात्र नदी कोठून वाहते, कर कोण गोळा करतो, मंत्र कोणावर चालतो, हे सारे सांगत सांगतच कथा पुढे नेतो. पाने मोजकी असली की दुय्यम पात्रे सोंगट्या होतात आणि अडलेली कथा योगायोगाने सुटते. ‘चांदोबा’त हा भार ‘चित्रा’ या नावाने चित्रे काढणाऱ्या टी. व्ही. राघवन यांच्या कुंचल्याने बराच उचलला होता. तरीही राक्षस मेल्यावर त्या राज्यातील शेतकऱ्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न तिथे उरतोच. मुलांच्या मासिकात ते क्षम्य आहे. प्रौढांसाठी लिहिलेल्या कादंबरीत नाही.

त्याच शहरात, त्याच काळात, याच्या उलट टोकाचे एक उदाहरण घडत होते. रा. कृष्णमूर्ती ऊर्फ कल्की यांची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही कादंबरी त्यांच्या ‘कल्की’ साप्ताहिकात १९५० ते १९५४ अशी सुमारे साडेतीन वर्षे क्रमशः येत होती. पुढे तिचे पाच खंड झाले. ती ऐतिहासिक कादंबरी आहे, अद्भुतरम्य नव्हे. पण विस्ताराने काय साधते ते तिच्यात स्वच्छ दिसते. नंदिनीसारखी व्यक्तिरेखा शे-दोनशे पानांत उभी राहिली असती, तर ती केवळ कपटी स्त्री ठरली असती. येथे तिच्याविषयीचे मत वाचकाला वारंवार बदलावे लागते. शिवाय कावेरी आणि वीराणम् तलाव तमिळ वाचकाच्या परिचयाचे होते. ते नव्याने निर्माण करावे लागले नाहीत.

मात्र विस्तार म्हणजे पूर्णता, असेही नाही. आदित्य करिकालनाची हत्या नेमकी कोणी केली, हे पाच खंडांनंतरही संदिग्धच राहते. आणि अखेरीस पात्रांचे पुढे काय झाले, याविषयी कल्कींना समारोपात वेगळे निवेदन जोडावे लागले. त्याच १९५४ साली इंग्लंडमध्ये टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग निघाला. लेखकाच्या दृष्टीने ती एकच अखंड कादंबरी होती; महायुद्धानंतरच्या काळातील छपाईचा खर्च आणि विक्रीची अनिश्चितता यांमुळे प्रकाशकाने तिचे तीन भाग केले. आज ज्या ‘त्रिखंडा’चे अनुकरण जगभर होते, त्याचा उगम असा प्रकाशकाच्या हिशेबात आहे! तेव्हा खंडांच्या संख्येवरून कादंबरीची थोरवी ठरवण्यात फारसा अर्थ नाही. तिच्यातील जादूला नियम आहेत का, आणि ते नियम नायकालाही लागू होतात का, हे आधी पाहावे. एकाच ग्रंथात हे कसून सांभाळणारी अद्भुतरम्य कादंबरी मराठीत अजून विरळाच आहे. आणि ‘मंजुघोषा’पासून मोजले तर दीडशेहून अधिक वर्षे उलटली आहेत.