पक्षाघात आणि घरचीं माणसें

“अंगावरून वारें गेलें” असें आपल्याकडे पक्षाघाताविषयीं बोलतात. कोणी त्यास लकवा म्हणतात. या वाऱ्याच्या कल्पनेनें खानदेशांतील घरांची फार हानि केली आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. वारें म्हटलें कीं तेल आलें, कबुतराचें रक्त आलें, भगत आला. वस्तुतः हा विकार हातापायांचा नव्हे, मेंदूचा. मेंदूस रक्त पोंचविणारी वाहिनी गुठळीनें तुंबते किंवा फुटते, आणि विरुद्ध बाजूचें अंग लुळें पडतें. गुठळी विरघळविणारें औषध पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. मात्र वाहिनी फुटली असल्यास तेंच औषध घातक ठरतें, म्हणून आधीं मेंदूचें सीटी स्कॅन करणें अवश्य. चोपडें किंवा शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याहून जळगांव-धुळ्यास यावयाचें, त्यांत दोन तास भगतापाशीं गेले, तर उरलें काय? तोंड वांकडें झालें, एक हात उचलवेना, बोल अडखळला, यांपैकीं एक जरी एकाएकीं दिसलें तरी १०८ क्रमांकास दूरध्वनि करावा, आणि रोग्याच्या तोंडांत पाण्याचा थेंबही घालूं नये. तो श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. एवढें आमच्या बालवाचकांसही करतां येईल.

परंतु आमचा खरा मुद्दा पुढचा आहे. रोगी घरीं येतो, आणि खाटेवरील आजोबांसमोरच मंडळी बोलूं लागतात: यांना आतां कांहीं कळत नाहीं, शेताचें काय करावयाचें, किती दिवस चालेल? मेंदूच्या डाव्या भागास इजा झाली म्हणजे उजव्या अंगाबरोबर पुष्कळदां वाचाही जाते. पण वाचा जाणें म्हणजे बुद्धि जाणें नव्हे. अनेकांस बोललेलें समजत असतें, केवळ शब्द सांपडत नाहीं. अशा माणसास एका वेळीं एकच प्रश्न विचारावा, ‘हो’ किंवा ‘नाहीं’ एवढ्यानें उत्तर होईल असा. आणि तो त्यांच्या अहिराणींत वा लेवा बोलींत. ज्यांस एक वाक्य जुळवितां येत नाहीं, त्यांस कधीं कधीं पाठ असलेला अभंग सुरावर म्हणतां येतो. आजीस ओवी म्हणूं द्यावी. त्यासाठीं जात्यावर बसण्याची अट नाहीं!

दुसरी गोष्ट बोलण्यास कटु आहे. शुश्रूषेचा सारा भार सुनेवर, आणि ती शेतावर गेली कीं शाळेंत जाणाऱ्या नातीवर. नातवाची परीक्षा असते. नातीची नसते काय? दर दोन तासांनीं कूस बदलणें, लुळा हात हलक्यानें हलविणें, बसवून लहान लहान घास भरविणें, यांत मुलग्यास न साधणारें एकही काम नाहीं. केळीचे घड वाहणारे खांदे घरांत एवढे नाजूक कां व्हावे, हें आम्हांस उमगलेलें नाहीं. रात्रीच्या पाळ्या कागदावर लिहून भिंतीस चिकटवाव्या, आणि त्यांत वडिलांचेंही नांव असावें.

लुई पाश्चर यांस १८६८ सालीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, पक्षाघात झाला. डावें अंग पुढें कधीं पूर्ववत् झालें नाहीं. पत्नी मारी त्यांचें लेखन उतरून घेत. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील त्यांची लस १८८५ सालची आहे, म्हणजे झटका येऊन गेल्यावर १७ वर्षांनंतरची.

पहिल्या कांहीं महिन्यांत सुधारणा अधिक वेगानें होते. म्हणून रुग्णालयांत शिकवितात तो व्यायाम घरच्या दोघांनीं तरी नीट शिकून घ्यावा. त्याच फेरींत बरोबर आलेल्या काकांचा रक्तदाबही मोजवून घ्यावा. तो दुखत नाहीं, खुपत नाहीं, म्हणून वर्षानुवर्षें कोणी मोजीत नाहीं. आणि काकांच्या खिशांत तंबाखूची चंची असतेच.