अंगठा बोलतो का? अमेरिकन कोर्टांपुढे अडकलेला फोन-लॉकचा प्रश्न

तुमच्या फोनला लॉक कोणतं आहे? बोटाचं, चेहऱ्याचं की सहा आकडी पासकोडचं? आपल्यासाठी हा निव्वळ सोयीचा प्रश्न असतो. एका हातात वडापाव असेल तर अंगठा बरा, तोंडाला रुमाल बांधलेला असेल तर पासकोड बरा. अमेरिकेत मात्र याच निवडीवरून आरोपीला राज्यघटनेचं संरक्षण मिळतं किंवा मिळत नाही. पोलिस तेच, गुन्हा तोच, फोनही तोच. पण पासकोडला एक न्याय आणि अंगठ्याला दुसरा. त्यात आता आणखी एक गुंता झालाय. नुसत्या अंगठ्याबद्दलच दोन मोठ्या अपील कोर्टांनी वर्षभराच्या आत उलटसुलट निकाल दिलेत.

मी वकील नाही, कोड लिहून पोट भरतो. पण हा वाद जितका कायद्याचा आहे तितकाच फोनच्या आत नेमकं काय घडतं याचाही आहे, आणि निकाल वाचताना मला सारखं वाटत राहिलं की या दुसऱ्या भागाकडे हवं तितकं लक्ष गेलेलं नाही.

अमेरिकेच्या घटनेतल्या पहिल्या दहा दुरुस्त्यांना बिल ऑफ राइट्स म्हणतात. त्या १७९१ मध्ये लागू झाल्या. त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. चौथी दुरुस्ती म्हणते की सरकारने अवाजवी झडती घ्यायची नाही. वॉरंट हवं असेल तर न्यायाधीशासमोर ठोस कारण मांडा. पाचवी म्हणते की फौजदारी प्रकरणात कुणालाही स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येणार नाही. हॉलिवूडच्या सिनेमातला माणूस कोर्टात ‘आय प्लीड द फिफ्थ’ म्हणून गप्प बसतो, ती हीच पाचवी.

चौथीचा प्रश्न फोनपुरता बऱ्यापैकी सुटलाय. २००९ मध्ये सॅन डिएगोत एका गाडीचं रजिस्ट्रेशन संपलं म्हणून पोलिसांनी ती थांबवली. गाडीत बंदुका सापडल्या, चालकाला अटक झाली आणि त्याच्या खिशातला फोनही चाळला गेला. त्यातल्या फोटो-व्हिडिओंवरून त्याचा एका जुन्या गोळीबाराशी संबंध जोडला गेला. सरकारी बाजू म्हणत होती की अटक केलेल्या माणसाचं पाकीट बघता येतं, मग फोन का नाही? सुप्रीम कोर्टाने जून २०१४ मध्ये ‘रायली विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात ९-० असा एकमताने निकाल दिला की वॉरंटशिवाय फोन बघायचा नाही. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी त्यात लिहिलं की मंगळावरून कुणी आलं तर त्याला फोन हा माणसाच्या शरीराचाच एखादा अवयव वाटेल. पाकीट आणि फोन सारखेच म्हणणं म्हणजे घोड्यावरची रपेट आणि चंद्रावरची सफर सारखीच म्हणण्यासारखं आहे, असा टोलाही त्यांनी हाणला. निकालपत्र म्हणून वाचायला हे खरंच मजेदार आहे.

पण वॉरंट म्हणजे बघण्याची परवानगी. त्याने फोन उघडत नाही. त्याच वर्षी, सप्टेंबर २०१४ मध्ये, आयओएस ८ आलं आणि ॲपलने सांगून टाकलं की पासकोड लावलेल्या फोनमधला डेटा आता आम्हालाही काढून देता येणार नाही. डेटा एन्क्रिप्ट होतो आणि त्याची किल्ली पासकोडशी बांधलेली असते. डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनोतल्या हल्ल्यात १४ जण मारले गेले. हल्लेखोराच्या आयफोन ५सी वरून एफबीआय आणि ॲपल यांच्यात पेटलेलं भांडण अनेकांना आठवत असेल. सरकारने १७८९ चा एक कायदा काढून ॲपलला लॉक कमकुवत करायला सांगितलं, ॲपल अडून बसलं आणि मार्च २०१६ मध्ये एफबीआयने बाहेरून कुणाची तरी मदत घेऊन तो फोन उघडला. केस तिथेच संपली, निकाल लागलाच नाही.

कंपनी लॉक उघडून देणार नसेल तर उरतो फोनचा मालक. त्याला फोन उघडायला भाग पाडता येईल का? इथून पाचवी दुरुस्ती सुरू होते.

या दुरुस्तीचा अर्थ लावताना अमेरिकन कोर्टांनी शरीर आणि मन यांच्यात एक रेघ मारलीय. १९६६ च्या ‘श्मर्बर’ खटल्यात अपघातानंतर दवाखान्यात असलेल्या ड्रायव्हरचं रक्त त्याच्या इच्छेविरुद्ध काढलं होतं. सुप्रीम कोर्टाने ५-४ ने ते चालेल म्हटलं, कारण रक्त काही बोलत नाही. ते पुरावा आहे, साक्ष नाही. बोटांचे ठसे, आवाजाचा नमुना, हस्ताक्षर हे सगळं याच खात्यात. पुढे १९८८ मधल्या एका खटल्यात न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी, आपल्या विरोधी मतात का होईना, एक उपमा दिली आणि ती सगळ्यांनीच उचलली. पेटीची किल्ली देण्याची सक्ती करता येईल, पण तिजोरीचा आकडा सांगण्याची नाही. किल्ली खिशात असते, आकडा डोक्यात.

म्हणजे पासकोड डोक्यातला, तो सुरक्षित. सोपं वाटतं ना? तसं नाहीये. पेनसिल्व्हेनिया (२०१९) आणि इंडियाना (२०२०) या राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांनी आरोपींच्या बाजूने निकाल दिले. न्यू जर्सीने २०२० मध्येच उलट निकाल दिला: फोन आरोपीचाच आहे आणि त्याला पासकोड माहीत आहे हे सरकारला आधीपासून ठाऊक असेल, तर तो सांगितल्याने नवी साक्ष ती कोणती? मॅसॅच्युसेट्सचा कलही तिकडेच. सुप्रीम कोर्टाकडे न्यू जर्सीचं प्रकरण गेलं, पण २०२१ मध्ये कोर्टाने ते ऐकायला नकार दिला. तेव्हा अमुक राज्यात गप्प बसणं हा हक्क आणि तमुक राज्यात तोच कोर्टाचा अवमान, अशी परिस्थिती आहे. फिलाडेल्फियात एका माजी पोलिस सार्जंटने जप्त झालेल्या हार्ड ड्राइव्हचे पासवर्ड दिले नाहीत म्हणून तो चार वर्षांहून जास्त काळ आत होता. शेवटी २०२० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की अशा अवमानासाठी १८ महिन्यांपेक्षा जास्त डांबता येत नाही.

आता अंगठा. टच आयडी २०१३ मध्ये आयफोन ५एस बरोबर आला आणि जुनी रेघ धूसर झाली. बोट तर शरीर आहे. पण ते काम करतं पासकोडचं.

कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये हायवे पोलिसांनी पॅरोलवरच्या एका माणसाला थांबवलं आणि त्याचा अंगठा जबरदस्तीने फोनवर टेकवला. नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये हे वैध ठरवलं. कोर्टाचं म्हणणं असं की यात त्या माणसाला डोकं चालवावं लागलंच नाही. रक्त काढण्यासारखंच हे. प्रत्येक बायोमेट्रिक लॉकला हा निकाल लागू होईल असं समजू नका, असंही त्याच कोर्टाने बजावलंय. मग जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या अपील कोर्टाचा निकाल आला. आरोपी ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉल हल्ल्यातला. अटकेच्या वेळी एफबीआयने त्याला अंगठ्याने फोन उघडायला लावला होता. इथे कोर्ट म्हणालं की ही साक्षच झाली. फोन उघडून तो माणूस एका झटक्यात सांगून गेला की हा फोन कसा उघडायचा ते मला माहीत आहे आणि तो माझ्या ताब्यात आहे. तोंडाने कबूल करणं आणि अंगठ्याने करून दाखवणं यात फरक काय?

या निकालानंतर काही दिवसांतच, २० जानेवारीला, ट्रम्प यांनी त्या हल्ल्यातल्या सुमारे १,५०० जणांना माफी दिली. त्यामुळे बातम्यांत माफी गाजली आणि अंगठ्याचा निकाल मागे पडला. पण तो बाजूला टाकण्यासारखा नाही. नववं सर्किट म्हणजे कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन राज्य, ॲरिझोना वगैरे पश्चिमेची नऊ राज्यं. ज्या सॅन होजेमध्ये २०२४ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरलं, तिथला आपला सॉफ्टवेअरवाला मित्र एका निकालाखाली राहतो आणि राजधानीतला दुसऱ्या.

दोन्ही प्रकरणांत एक फरक आहे, तो लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियात पोलिसांनी अंगठा धरून टेकवला. डीसीत आदेश दिला आणि आरोपीने स्वतः फोन उघडला. हा फरक ताणला तर एक विचित्र गोष्ट निघते: बळजबरीने बोट दाबलं तर हक्क जात नाही, पण सांगितल्यावर निमूट दाबलं तर हक्काचा भंग होतो. म्हणजे पोलिसांना जास्त जोर लावणं फायद्याचं! मला ही वाट चुकीची वाटते.

मला डीसीचा निकाल जास्त पटतो, आणि त्याचं कारण फोनच्या आत आहे. मी एका बँकिंग ॲपच्या लॉगिनवर काम केलंय. तिथे ॲपला तुमचा ठसा कधीच दिसत नाही. सिस्टीमकडून फक्त ‘जुळला’ किंवा ‘नाही जुळला’ एवढंच येतं. आयफोनमध्ये ठशाचा डेटा सिक्युअर एन्क्लेव्ह नावाच्या वेगळ्या भागात राहतो. पण खरी किल्ली ठशातून तयार होत नाही, ती पासकोडच्या जोरावर तयार होते. तुम्ही आधी पासकोड टाकलेला असतो, त्या किल्लीची एक गुंडाळलेली प्रत एन्क्लेव्हमध्ये ठेवली जाते आणि अंगठा जुळला की ती सोडली जाते. म्हणून फोन रीस्टार्ट केला की अंगठा चालत नाही. ४८ तास फोन उघडला नाही, किंवा पाच वेळा बोट जुळलं नाही, तरी पासकोडच मागतो. थोडक्यात, अंगठा म्हणजे तुम्ही आधी टाकलेल्या पासकोडचा मुखत्यार. मूळ माणसाला बोलायची सक्ती करता येत नसेल, तर त्याच्या मुखत्याराकडून तेच वदवून घेणं योग्य कसं?

याला समोरच्या बाजूचं उत्तर आहे आणि ते दमदार आहे: झोपलेल्या माणसाचा अंगठाही फोन उघडतो. झोपेत कोण साक्ष देतं? बरोबर. पण मग प्रश्न असा की झोपेत उघडलेल्या फोनवरून ‘हा फोन याचाच’ असं सरकारने कोर्टात म्हणायचं का? म्हणायचं असेल, तर अंगठा काहीतरी बोललाच की. अंगठ्याबद्दल सुप्रीम कोर्टाचा निकाल अजून नाही.

आपल्याकडे काय, असं कुणी विचारेलच. भारतीय घटनेच्या कलम २०(३) मध्ये हेच तत्त्व आहे, आणि त्यावरचा मोठा निकाल निघाला तो ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड’ या खटल्यात, १९६१ मध्ये. ११ न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की अंगठ्याचा ठसा देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. तेव्हा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवत, त्याने कुलूप उघडत नसे.

फोन बनवणारे मात्र कोर्टाची वाट बघत थांबलेले नाहीत. अँड्रॉइड ९ पासून ‘लॉकडाउन’ नावाचा पर्याय आहे, तो दाबला की बोट आणि चेहरा दोन्ही बंद. आयफोनवर बाजूचं आणि आवाजाचं बटण एकत्र धरलं की इमर्जन्सीचा स्क्रीन येतो आणि पुढच्या वेळी पासकोड लागतो. आयओएस १८ मध्ये तीन दिवस न उघडलेला फोन आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय आली, २०२५ मध्ये गुगलनेही तशीच आणली. पुराव्याच्या कपाटात पडलेला फोनसुद्धा यामुळे अंगठा विसरतो.

आणि आता वर जे काही सांगितलं ते विमानतळावर बरंचसं गळून पडतं. एमएससाठी पुणे-नाशिकहून निघणाऱ्यांनी हे नीट वाचा. अमेरिकेच्या सीमेवर झडतीला वॉरंट लागत नाही, असा तिथला जुना अपवाद आहे. फोनच्या साध्या तपासणीला संशयाचंही कारण लागत नाही, असं बोस्टनच्या अपील कोर्टाने २०२१ मध्ये म्हटलंय. न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायाधीशांनी २०२४ मध्ये जेएफके विमानतळाच्या प्रकरणात वॉरंट हवंच म्हटलं, पण तो खालच्या कोर्टाचा निकाल. सीमा सुरक्षा विभागाने २०२४ च्या आर्थिक वर्षात ४७ हजारांच्या आसपास उपकरणं तपासली. कोट्यवधी प्रवाशांच्या मानाने हे फार थोडं आहे, घाबरून जायचं कारण नाही. विभागाच्या नियमानुसार अधिकाऱ्याने फोनवर असलेलाच डेटा बघायचा, नेटवर्क बंद ठेवून. क्लाउडमधलं उघडायचं नाही. अमेरिकन नागरिकाने पासकोड द्यायला नकार दिला तर फोन जप्त होऊ शकतो, पण त्याला देशात घ्यावंच लागतं. व्हिसावर आलेल्याला ते परत पाठवू शकतात. शिवाय जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी आणि डिसेंबर २०२५ पासून एच-१बी, एच-४ साठीही अर्जदारांना सोशल मीडिया प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगितलं जातं. तिथे अंगठ्याचा आणि पासकोडचा प्रश्नच येत नाही. लॉक तुम्हीच काढून ठेवलेलं असतं, मुलाखतीला जायच्या आधी.