सहनशक्तीचे मोल

ओल सरू लागली म्हणजे शाळूची पाने गुंडाळतात, हे प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे. परंतु त्या वेळी पानाच्या आत काय चालते, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पाणी वाचविण्यासाठी पर्णरंध्रे मिटतात. त्यामुळे कर्बवायू आत येणे मंदावते, ऊन मात्र कमी होत नाही. त्या न खपलेल्या शक्तीमुळे पेशीत ऑक्सिजनची विध्वंसक रूपे उत्पन्न होतात. अशा वेळी तंतुकणिका, म्हणजे पेशीतील श्वसनाची केंद्रे, अल्टर्नेटिव्ह ऑक्सिडेज नामक विकराच्या द्वारे जादा शक्तीचा काही भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर सोडतात. धरणाच्या सांडव्यासारखेच हे कार्य होय. तंबाखूवरील प्रयोगांत हे विकर घटविलेल्या रोपांना अवर्षण अधिक बाधले.

सांडव्यावाटे गेलेले पाणी पाटाला मिळत नाही. तद्वत या मार्गाने जळलेल्या साखरेतून वाढीस शक्ती थोडीच मिळते. सहनशक्ती फुकट येत नसते. भरल्या वर्षी किंचित मागे पडणारा वाण तुटीच्या वर्षी कणीस भरून देऊ शकतो. म्हणून केवळ सुकाळातील राशीवरून वाणाची योग्यता ठरविणे आम्हांस मान्य नाही. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ कोरडवाहू रब्बीत आजही टिकून आहे, हे विसरू नये. चाचण्यांच्या अहवालांत तुटीच्या वर्षांचे आकडे वेगळे छापावेत, आणि बियाणे घेताना सभासदांनी तेच आधी विचारावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.