साठ टक्के म्हंजी किती?

माझा एक मित्र हिंजवडीत डेटा अॅनालिस्ट आहे. घर जालन्याचं, मस्तगडातलं. १७२५ साली निजामाच्या हुकमावरून काबिलखानाने बांधलेल्या गढीचं हे नाव, आता अख्ख्या भागालाच चिकटलंय. शेत मात्र गावाबाहेर. दर जूनमध्ये बाबांचा एक फोन ठरलेला. यंदाही आला, नेमका मीटिंगमध्ये.

"काय म्हणतंय तुझं नेट? पेरावं का थांबावं?"

"साठ टक्के चान्स दाखवतंय, बाबा."

"साठ म्हंजी किती? साठ टक्के रान पेरू का?"

पठ्ठ्या आधी हसला. मग गप्प झाला. गेल्या वर्षी पहिली पेरणी करपली होती आणि दुबार पेरणीचं बियाणं त्याच्याच क्रेडिट कार्डावर आलं होतं.

बाबांचा प्रश्न भोळा वाटतो ना? पण बॉस, यावर मोठमोठ्या डोक्यांनी जाडजूड पुस्तकं लिहिलीत. हजार वेळा उडवून पाहिलेलं नाणं 'पन्नास टक्के' म्हणतं, आणि काहीच माहीत नसलेला माणूसही 'पन्नास टक्के' म्हणतो. आकडा सेम, पण पहिल्याच्या मागे पुरावा आहे, दुसऱ्याच्या मागे नुसता खांदे उडवणं. अर्थतज्ज्ञ केन्सने १९२१ साली हेच मांडलं: आकड्याइतकंच त्यामागच्या पुराव्याचं वजनही बघा. १९९१ मध्ये पीटर वॉली या संख्याशास्त्रज्ञाने तर अख्खा ग्रंथ लिहिला. सार काय, तर पुरावा तोकडा असेल तर एकच आकडा छातीठोकपणे सांगू नका. खालची आणि वरची हद्द सांगा. 'साठ' नको, 'चाळीस ते सत्तर' म्हणा.

आता थोडं गणित. घाबरू नका, एवढंच आहे. पेरणी वाचायला दोन गोष्टी लागतात: चांगला पाऊस आणि नंतर खंड न पडणं. समजा पहिल्याची शक्यता ७० टक्के, दुसऱ्याची ६०. दोन्ही जमून येण्याची किती? एक्सेल गुणाकार करून ४२ सांगेल. पण तो गुणाकार दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसेल तरच खरा. तो संबंध माहीत नसेल तर? १८५४ साली तर्कशास्त्राला बीजगणितात बसवणाऱ्या जॉर्ज बूलने असल्या कोड्यांवर काम केलं होतं. ७० अधिक ६० म्हणजे १३०. शंभराच्या वर गेलेले ३० तर एकत्र यायलाच हवेत. आणि दोन्ही मिळून लहान आकड्याच्या, म्हणजे ६० च्या वर जाऊच शकत नाहीत. म्हणजे उत्तर ३० ते ६०. निव्वळ तर्काने एवढंच मिळतं. त्यापुढचा प्रत्येक नेमकेपणा हा आपला अंदाज.

हद्द दिली म्हणजे जिंकलो, असंही नाही. एप्रिल २००९ मध्ये हवामान खात्याने देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला, पाच टक्के इकडेतिकडे धरून. पडला ७८. म्हणजे हद्दच चुकली. २०१५ मध्ये एप्रिलचा अंदाज ९३ होता. जूनमध्ये तो ८८ वर आणला, चार टक्के इकडेतिकडे. पडला ८६. नवी माहिती आल्यावर अंदाज बदलण्यात लाज कसली? आणि कधीच चुकायचं नाही म्हणून 'शून्य ते शंभर' सांगणाऱ्याला कोणी विचारायचं नाही, हेही खरं.

मग करायचं काय? फंडा सोपा आहे. दोन्ही टोकं धरून बघा. दोन्हीकडे उत्तर एकच येत असेल, तर बिनधास्त करा. वेगवेगळं येत असेल, तर आधी माहिती वाढवा, नाहीतर सगळं एका डावावर लावू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला म्हणजे दुसरं काय? माहिती येईपर्यंत थांबा!

हेच तुमच्या-माझ्या क्युबिकललाही लागू. स्टार्टअपची ऑफर, होम लोन, 'प्रोजेक्ट नक्की शुक्रवारी संपेल, सर' हे वाक्य. पुढच्या वेळी बॉसला तारीख देण्याआधी स्वतःलाच विचारा, हा आकडा पुराव्यातून आला की घाबरून?

त्या संध्याकाळी मित्राने फोन केला. "बाबा, खरं सांगू? चाळीस ते सत्तर. त्याहून नेमकं मला माहीत नाही."

"मग असं म्हण की," बाबा म्हणाले. "ओल चांगली झाली की निम्मं पेरू. निम्मं आठ दिवसांनी बघू."

साठ टक्के रान पेरण्याचा तो प्रश्न चेष्टेचा नव्हताच, हे मित्राला तेव्हा कळलं. पीक कसं येईल, ते दिवाळीला कळेल. पण यंदा क्रेडिट कार्ड अजून पाकिटातच आहे.