चेक कुठं बसून लिहिलात?

आम्ही बँकेतली कारकून मंडळी चेकची किती कसून तपासणी करतो, ते ज्याचा चेक परत गेलाय त्याला विचारावं. तारीख पाहतो, अक्षरी आणि आकडी रक्कम ताडून पाहतो, सही तर डोळे बारीक करकरून पाहतो. पण ‘चेक कुठं बसून लिहिलात?’ असं आजवर कुणी गिऱ्हाइकाला विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गृहस्थानं तो दिवाणखान्यात लिहो, नाही तर एस.टी.त मांडीवरच्या पिशवीवर लिहो. सही त्याची आहे ना? मग झालं तर!

ई-मेलच्या दारात मात्र नेमका हाच प्रश्न विचारणारा एक शहाणा बसवून ठेवलाय. त्याचं नाव स्पॅम फिल्टर. (स्पॅम हे मूळ १९३७ साली अमेरिकेत निघालेल्या डबाबंद मांसाचं नाव. सात पिढ्या वरणभातावर वाढलेल्या माणसाचं पत्रही त्याच डब्यात पडतं, याबद्दल पुन्हा केव्हातरी.)

माझ्या भाच्याचा पंपांचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना आहे. स्वतःचं डोमेन, स्वतःचा मेल सर्व्हर. एका बड्या गिऱ्हाइकाला ऑफिसातून पत्र पाठवलं की बिनबोभाट पोचतं. परवा कोटेशनची मुदत संपत आली तेव्हा स्वारी बाहेरगावी होती. त्यानं त्याच सर्व्हरवरून, रीतसर पासवर्ड देऊन, पण मोबाईलवरून कोटेशन पाठवलं. ते थेट स्पॅममध्ये! ऑर्डर दुसऱ्यानं नेली, आणि भाच्याच्या चार कामगारांचा ओव्हरटाइम बुडाला.

घडलं ते असं. पत्र ज्या ज्या सर्व्हरमधून जातं तो तो त्यावर शिक्का मारतो, की हे मला अमुक आयपी पत्त्यावरून मिळालं. गिऱ्हाइकाकडच्या फिल्टरनं अगदी तळाचा शिक्का उकरून काढला. तिथं मोबाईल कंपनीचा पत्ता! हे पत्ते स्पॅमहाउस नावाच्या संस्थेच्या ‘पॉलिसी ब्लॉक लिस्ट’मध्ये असतात. आता या यादीचा अर्थ एवढाच, की या पत्त्यांनी दुसऱ्याच्या सर्व्हरवर परस्पर पत्रं नेऊन टाकू नयेत. आपल्या सर्व्हरमार्फत पाठवावीत. भाच्यानं दुसरं काय केलं होतं? यादी करणारेच सांगतात, की बाबांनो, पत्र प्रत्यक्ष तुमच्या हातात देणारा सर्व्हर तेवढा या यादीशी ताडून पाहा, मागचे शिक्के उकरू नका. पण सूचना वाचून वागायची चाल आपल्याकडे औषधाच्या बाटलीबाबतही नाही.

शिवाय मोबाईल कंपन्यांकडे पत्ते अपुरे, म्हणून एकेका पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं कोंबलेली. म्हणजे चाळच! तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात मटका चालतो म्हणून तळमजल्यावरच्या मास्तरांना पोलिसांनी उचलायचं, हा कुठला न्याय?

आणि खरी चीड पुढेच आहे. जीमेलच्या वेबवरून पत्र पाठवलं, तर पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता पत्रात लिहिलाच जात नाही. बड्यांचं असं झाकलेलं. भाच्याच्या सर्व्हरनं बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे सगळं लिहिलं, म्हणून तो गुन्हेगार!

मी फिल्टरच्या विरुद्ध नाही. परदेशी लॉटरी मलाही आठवड्यातून दोनदा लागते. पण सही तपासायची सोय आहे की! एसपीएफ म्हणजे या डोमेनच्या वतीनं कुठले सर्व्हर पत्र पाठवू शकतात त्याची जाहीर यादी. आमच्याकडे सह्यांचे अधिकार कुणाला त्याची असते, तशीच. डीकेआयएम ही त्या डोमेनची पत्रावरची सही. दोन्ही बरोबर असतील, आणि पासवर्ड तपासून पत्र घेतल्याचा शेराही सर्व्हरनं मारलेला असेल, तर माणूस फोनवर होता की फलाटावर, याची चौकशी कशाला? भाच्याच्या पत्रावर हे तिन्ही होतं. मजकूर संशयास्पद असेल तर खुशाल अडवा, पण पंपाच्या वॉशरचा दर यात संशयास्पद काय आहे?

भाच्यानं गिऱ्हाइकाच्या संगणक विभागाकडे हे सगळं लेखी कळवलं. उत्तर तीन दिवसांनी आलं, ‘यापुढे महत्त्वाची पत्रं कृपया ऑफिसात बसून पाठवावीत.’ खाली इंग्रजीत आपोआप उमटलेली ओळ होती: माझ्या मोबाईलवरून पाठवले.