थ्रेड : तरवडीचे ‘दीनमित्र’

मराठी पत्रकारितेचा इतिहास ‘दर्पण’पासून (१८३२) सुरू होतो, ‘केसरी’पाशी (१८८१) रेंगाळतो आणि बहुधा पुणे-मुंबईची वेस न ओलांडताच संपतो. या मांडणीत अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्याच्या तरवडी गावाला जागा मिळत नाही. मिळालीच तर तळटीपेत. हा केवळ विसराळूपणा नव्हे. वृत्तपत्र ही शहराचीच निर्मिती असते, हे गृहीतक त्यामागे आहे.

‘दीनमित्र’ साप्ताहिक मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली सुरू केले. ते कृष्णराव भालेकरांचे पुत्र. पाटील घराण्यात दत्तक गेलेले. भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढून सत्यशोधक विचाराला पहिले पत्र दिले होते. ‘दीनमित्र’ हे नावही नवे नव्हते. १८८८ मध्ये गणपतराव पाटलांनी त्याच नावाचे मासिक काढले होते. वारसा असा दुहेरी होता. पण खेड्यात बसून आठवड्याच्या आठवड्याला पत्र काढण्याचा हट्ट मुकुंदरावांचा.

काळ मात्र प्रतिकूल. त्याच वर्षीच्या प्रेस कायद्याने नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांचा जामीन मागण्याचा अधिकार सरकारला दिला. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरांतली जेमतेम सहा माणसे साक्षर होती. मग खेड्यात वाचणार कोण?

हा प्रश्नच शहरी आहे. एकाने पोथी वाचावी आणि चावडीवर, देवळात बाकीच्यांनी ऐकावी, ही रीत खेड्याला जुनीच होती. मुकुंदरावांना ती पुरती ठाऊक होती, म्हणूनच त्यांचे ‘कुलकर्णीलीलामृत’ पोथीच्या वळणाने, ओवीबद्ध उतरले. त्यातले लक्ष्यही अचूक होते. गावाचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती. शेत कोणाचे, देणे किती, हे ज्या कागदावर लिहिलेले, तो शेतकऱ्याला वाचता येत नसे. अक्षरांची ही मक्तेदारी मोडायची तर अक्षरांनीच, हे त्यांनी ओळखले.

सत्यशोधक पत्रे ब्रिटिश सत्तेबाबत मवाळ होती, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही, आणि तो झाकण्याचेही कारण नाही. परंतु ज्याला मामलेदारापर्यंत पोहोचण्याआधी वाड्याची पायरी चढावी लागते, त्याची सत्तेची व्याख्या पुण्याच्या संपादकापेक्षा निराळी असणारच. एकाच कसोटीवर दोघांना घासणे हा इतिहास नव्हे. शिवाय ‘केसरी’च्या मर्यादा सांगताना हेच टीकाकार ‘काळाचे भान’ ठेवतात, हेही नोंदवायला हवे.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुलकर्णी वतन १९१८ मध्ये रद्द केले. मुंबई राज्यात ते कायद्याने संपायला १९५० साल उजाडले. तेव्हाही ‘दीनमित्र’ निघतच होते. ते थांबले १९६७ मध्ये, संपादकाच्या निधनाच्या वर्षी.